देव गावात नाही, सबब खारिज

अंबादासपंत पेशकारांना अपिलाचा वास येत असे. म्हणजे असं ते स्वतः म्हणत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्याइतका त्या कचेरीत कोणी टिकतच नव्हता. साहेब यायचे आणि जायचे. निजामाच्या अमदानीतले शेरवानीवाले गेले, हैदराबाद राज्याचे आले, तेही गेले, आणि छप्पन्न साली जिल्हा मुंबई राज्यात गेला तसे घाटावरून आणि कोकणातून बुशशर्टवाले येऊ लागले. दफ्तरातली उर्दू गेली, इंग्रजी आली, तिच्या मागून मराठी दबकत दबकत शिरली. साहेबांपुढे कागद ठेवणारे पेशकार मात्र तेच राहिले आणि त्यांचा आवडता शब्दही तोच राहिला: खारिज.

कचेरी होती उस्मानाबादेत. नेमकी कुठली, ते सांगून त्या बिचारीला आता कशाला त्रास द्यायचा. तालुक्याला कुणाचा परवाना नाकारला गेला किंवा रद्द झाला की त्याचं अपील इथं यायचं. चहाची हॉटेलं, रॉकेलची दुकानं, बंदुका, जत्रेतले तंबूचे सिनेमे, सगळ्यांचे परवाने आणि सगळ्यांची रडगाणी. नियम असा होता की अपील आलं की साहेबांनी आधी ते एकदा वाचून बघावं. त्यात काही तथ्य दिसलं तर माणसाला बोलवावं, नाही दिसलं तर तिथल्या तिथं काढून टाकावं, म्हणजे फुसक्या अपिलांत सरकारचा वेळ जायला नको. नियम चांगलाच होता. त्यात फरक एवढाच पडला होता की साहेबांच्या ऐवजी अंबादासपंत वाचत, आणि वाचत म्हणजे पहिल्या चार ओळी वाचत.

अपिलाची मिसल, म्हणजे कागदांची फाईल, हातात आली की पंत तपकिरीची चिमूट नाकात कोंबत, चष्म्यावरून एक तिरपी नजर टाकत आणि म्हणत, “दम नाही.” मग ती मिसल उजवीकडच्या गठ्ठ्यात जायची आणि संध्याकाळी त्या गठ्ठ्यावर साहेबांच्या सह्या व्हायच्या. डावीकडे सुनावणीच्या मिसलींची जागा होती. तिथं पंतांचा पानाचा डबा असे.

पंत अगदीच हवेत बोलत होते असंही नाही. भूमच्या एका गृहस्थाने रॉकेलचा परवाना मागितला होता आणि कारण दिलं होतं की मेव्हण्याला मिळाला, मला नाही, त्यामुळे घरात बायकोपुढे तोंड वर काढता येत नाही. ढोकीच्या एकाला रानडुकरं मारायला बंदूक हवी होती आणि त्याच्या नावावर रान नव्हतं. अशी अपिलं वर्षानुवर्षं वाचल्यावर कोणाचंही नाक तयार होईल. पंतांचं इतकं तयार झालं की त्यांना मिसल न उघडताही वास येऊ लागला. नवा साहेब आला की पहिल्याच आठवड्यात पंत त्याला आपली विद्या देत. जो पहिल्याच ओळीत ‘मायबाप सरकार’ म्हणतो त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. जो देवाधर्माचं नाव घेतो त्याच्याकडे तर काहीच नसतं. आणि एकदा खारिज झालेला जो दुसऱ्यांदा अर्ज घेऊन येतो, त्याचं पाकीट उघडायचंसुद्धा कारण नाही. साहेब लोक हे वहीत लिहून घेत. नव्या जिल्ह्यात असं आयतं ज्ञान कोण देतो?

असाच एक कोकणातला तरुण साहेब त्या वर्षी नुकता आला होता. त्याच्या पुढ्यात अणदूरच्या द्वारकाबाईचं अपील आलं.

द्वारकाबाई ही अणदूरला खंडोबाच्या देवळासमोर चहा-फराळाचं दुकान चालवायची. दुकान नवऱ्याने घातलेलं. तो गेल्यावर परवाना तिच्या नावे झाला होता आणि त्या दुकानाखेरीज तिला दुसरा आधार नव्हता. पौष महिन्यात तालुक्याचे नवे इन्स्पेक्टर अणदूरला गेले, त्यांना दुकान बंद दिसलं. पंधरवड्याने पुन्हा गेले, तरी बंद. नियमाप्रमाणे दुकान पंधरवडाभर विनाकारण बंद राहिलं की परवाना जातो. तो गेला. ती जागा आणि तो परवाना मिळावा म्हणून त्याच गावच्या महारुद्र नावाच्या माणसाचा अर्ज योगायोगाने तयारच होता. सरकारी कामात योगायोग नेहमी असे वेळेवर येतात.

बाईने अर्जनवीसाकडून अपील लिहवून घेतलं. त्यात पहिल्या ओळीत मायबाप सरकार होतं आणि दुसऱ्या ओळीत कारण होतं: “सदर काळात देव गावात नव्हता, म्हणून दुकान बंद होते.”

पंतांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला. मग त्यांनी ती सगळ्या कचेरीला मोठ्याने वाचून दाखवली. कारकून हसले, पट्टेवाला दगडोबा हसला, शेजारच्या खोलीतला खजिनदार काय झालं ते बघायला आला आणि तोही हसून गेला. देव गावात नव्हता म्हणजे काय, रजेवर होता की बदली झाली होती, असं पंतांनी विचारलं आणि पुन्हा हशा झाला. साहेब नवा होता, त्याला अजून थोडी लाज होती. बाईला एकदा बोलावून विचारावं का, असं त्याने चाचरत विचारलं. पंत म्हणाले की साहेब, आज हिचा देव गावात नाही म्हणून बोलवाल, उद्या कुणाचा म्हसोबा पाहुणा गेला म्हणून बोलवाल, मग ही कचेरी राहणार नाही, धर्मशाळा होईल. साहेबाला ते पटलं. पंतांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: “देवाची गैरहजेरी हे कारण नियमांत नमूद नाही. अपिलात तथ्य नाही. सबब खारिज.” साहेबाने सही केली.

ते वाक्य कचेरीत भलतंच गाजलं. कोणी जागेवर नसलं की दगडोबा सांगे, देव गावात नाही. पंतांनी ते घरीही जेवताना सांगितलं. मुलगा भाऊ शाळामास्तर होता, तो पोट धरून हसला. पंतांच्या पत्नी वनमालाबाई मात्र वाढता वाढता म्हणाल्या की अणदूर म्हणजे आपल्या कुळाचा खंडोबा ना? पंत म्हणाले, आपलाच, म्हणून तर जास्त हसू येतं.

आता खंडोबा हे पंतांच्या घराण्याचं कुलदैवत होतं, पण पंतांचं आणि त्याचं येणंजाणं नव्हतं. चंपाषष्ठीला घरात तळी उचलली जायची, भंडारा उधळला जायचा, संकल्पात अणदूर गावाचं नाव घेतलं जायचं. पंत लहानपणी एकदा वडिलांच्या खांद्यावर बसून जाऊन आले होते, त्यानंतर रजा मिळाली नव्हती. रजेच्या अर्जांवरचे शेरे पंतच लिहीत, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात भाऊचं लग्न झालं. सून आली चंद्रप्रभा, लातूरकडची, बोलकी पोर. नवीन जोडप्याने कुलदैवताला जाऊन आल्याशिवाय घरात सत्यनारायण घालायचा नाही, असा वनमालाबाईंचा हट्ट, आणि या एका बाबतीत त्यांच्यापुढे पंतांचं खारिज चालत नसे. पौषात एक दिवस काढून पंत बायको, मुलगा आणि सून यांना घेऊन निघाले. तुळजापूरला गाडी बदलून नळदुर्गची वाट धरली. गाडी भाविकांनी भरलेली होती, प्रत्येकाच्या कपाळाला हळद, पिशवीत नारळ. नळदुर्गला ती अख्खी गाडी रिकामी झाली. कंडक्टर पंतांना म्हणाला, “देवाला ना तुमी? उतरा की मग.”

पंतांनी त्याला तिकिटं काढून दाखवली. तिकिटं अणदूरची होती. कंडक्टरने तिकिटांकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं आणि घंटी मारली. रिकाम्या गाडीत बसून पंतांनी सुनेला समजावून सांगितलं की अडाणी लोक असेच, एकाच्या मागे दुसरा उतरतो, कोणी विचार करत नाही.

अणदूरला उतरून देवळापर्यंत गेले तर रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. देवळासमोरची दुकानं ओळीने बंद. आत गेले तर गाभाऱ्यात समई होती, देवाची जागा होती, देव नव्हता. नवरानवरी जोडीने हात जोडून उभी राहिली आणि कोणापुढे उभं आहोत ते त्यांना कळेना. अंगण झाडणारी सारजाबाई नावाची म्हातारी खराटा टेकून त्यांच्याकडे बघत होती. पंतांनी जरा चढ्या आवाजात विचारलं की देव कुठं आहे.

“देव मैलारपूरला हाय,” ती म्हणाली. “मार्गशीर्षात पालखी जाती. नळदुर्गापासल्या मैलारपूरला पुसाच्या पुनवंची जत्रा करून मग देव माघारी येतो. दर सालचं हाय. तुमी कुनीकडचे?”

पंत म्हणाले, उस्मानाबादचे. म्हातारीने मान हलवली, जणू तेवढ्याने सगळं स्पष्ट झालं होतं. चंद्रप्रभाला तहान लागली होती, वनमालाबाईंना चहा हवा होता. देवळासमोरच्या दुकानाला कुलूप होतं आणि वर नवी पाटी होती, महारुद्राच्या नावाची, परवानाधारक म्हणून. हे दुकान उघडणार कधी, असं भाऊने विचारलं. म्हातारीला प्रश्नाचं नवल वाटलं. देव गावात नाही तर दुकान कशाला उघडंल, ती म्हणाली. माणसंच तिकडं हायत.

चंद्रप्रभा नवी होती, पण घरातला तो विनोद तिच्याही कानावर आला होता आणि तिला सासऱ्यांची भीड अजून शिकायची होती. ती खुदकन हसली आणि म्हणाली की मामंजी, ही तुमचीच गोष्ट. भाऊने तिला कोपराने ढोसलं. वनमालाबाईंनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं, आणि पंतांना एकदम लहानपणचं आठवलं. वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला तो देव. बाजूला नदी होती, पलीकडे किल्ला दिसत होता. अणदूरला तर किल्ला नाही, तो नळदुर्गला. म्हणजे वडील त्यांना मैलारपूरलाच घेऊन गेले होते, आणि एवढी वर्षं पंत त्या आठवणीला अणदूर म्हणत आले होते.

आलेल्या वाटेने ते नळदुर्गला परत गेले. मैलारपूरला माणसांचा पूर लोटला होता. दर्शन झालं, भंडारा उधळला, नवऱ्यामुलाचा नवा कोट पिवळा झाला. मग एका कापडी मांडवाखाली चहाला बसले. मांडव महारुद्राचा होता. तो गल्ल्यावर बसला होता आणि शेजारच्या खुर्चीत तालुक्याचे इन्स्पेक्टर फुकटचा चहा फुंकत होते. यंदा ते अणदूरला तपासणीला गेले नव्हते, कारण यंदा त्यांनाही देव कुठं असतो ते कळलं होतं. चुलीपाशी एक चाळिशीची बाई चहा गाळत होती आणि मधेच उठून कपबशा विसळत होती.

वनमालाबाईंना कोणाशीही दोन शब्द बोलल्याशिवाय चहा गोड लागत नसे. त्यांनी विचारलं आणि बाई सांगत गेली. अणदूरचं दुकान पूर्वी तिचंच होतं. दरसाल देवाबरोबर दुकान इकडं यायचं, निजामाच्या राज्यात कोणी काही म्हटलं नाही. आता परवाना गेला. जत्रेतली जागा परवानेवाल्यालाच मिळते, म्हणून महारुद्राकडे रोजाने काम करते. पंतांनी बशी तोंडाला लावली होती, ती तशीच धरून ठेवली. त्यांनी या बाईला कधी पाहिलं नव्हतं. पाहायची वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

“अपील क्येलं न्हाय?” वनमालाबाईंनी तिच्याच बोलीत विचारलं. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

“क्येलं की काकू. तितं कोन पेशकार हाय म्हनं. त्यानं लिवलं, देवाची गैरहजेरी नियमात न्हाय.” द्वारकाबाई कपबशी विसळता विसळता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “त्याचा तरी काय दोष? परमुलखातला असंल. त्याचा देव येगळा असंल. त्याला कसं ठावं असावं?”

संध्याकाळच्या गाडीने ते घरी परतले.

अंबादासपंत तसे दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला त्या रात्री झोप लागली असती. त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोचत होती: बाईने त्यांना माफ केलं होतं, पण ज्या कारणासाठी केलं होतं ते खोटं होतं. सकाळी उठून त्यांनी आयुष्यात प्रथमच कोणासाठी तरी अर्ज लिहायला घेतला, फेरविचाराचा. मायबाप सरकार गाळलं. देव कधी जातो, कधी येतो, त्याच्याबरोबर बाजार कसा जातो, हे सगळं नेमक्या शब्दांत मांडलं. असा पक्का अर्ज त्या कचेरीत कधी आला नव्हता. मग पंतांनी तो स्वतः डावीकडे, पानाच्या डब्यावर ठेवला आणि साहेबांपुढे नेला.

साहेबाने पाकिटावरचं ‘फेरविचार’ आणि द्वारकाबाईचं नाव वाचलं, पाकीट उघडलं नाही. त्याने कौतुकाने पंतांकडे बघून सांगितलं की पेशकार, दुसऱ्यांदा आलेला अर्ज उघडायचा नाही, हे तर तुम्हीच शिकवलंत. तरुण माणूस हुशार होता. एकदा शिकवलेलं विसरत नसे.

पंत म्हणाले की मी स्वतः जाऊन आलो. देव खरोखरच गावात नसतो.

दारात उभ्या असलेल्या दगडोबाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. साहेबही हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने आपलाच जुना विनोद आज नव्याने केला. पंत हसले नाहीत तेव्हा तो गंभीर झाला. मनाने तो चांगलाच होता. मग त्याने वाट काढून दिली.

“पेशकार, एवढंच असेल तर बाई त्या काळात आजारी होती असं लिहून आणा. नवं कारण म्हणून मी दाखल करून घेतो आणि परवाना परत देतो. आजार नियमात आहे. देव नाही.”

पंतांनी तेही केलं. द्वारकाबाईला त्या काळात हिवताप झाला होता, असा अर्ज लिहिला. खोटं लिहायला वेळ लागला नाही, चार ओळींत काम झालं आणि त्याला चांगला दमदार वास येत होता. माघात देव अणदूरला परत आल्यावर पंत रजा टाकून एकटेच गेले. या खेपेला त्यांनी गाडीत आधी चौकशी केली. देवळात जाऊन दर्शन घेतलं, पुजाऱ्याने कपाळाला भंडारा लावला, तो तसाच ठेवून ते समोरच्या दुकानात गेले. द्वारकाबाई महारुद्राच्या पाटीखाली भजी तळत होती. तिने त्यांना ओळखलं. “काका, एकलेच? काकू न्हाय आल्या?”

पंतांनी कागद काढला. इथं अंगठा दे, परवाना परत मिळेल, असं सांगितलं. बाईचा झारा हातातच राहिला. आपलं दुकान परत मिळतंय, हे तिच्या तोंडावर दिसलं. पंतांनी ते पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं. हात पदराला पुसून ती पुढे आली आणि मग तिने विचारलं की कागदात काय लिवलंय?

पंतांनी सांगितलं.

तिने देवळाच्या दाराकडे पाहिलं. दुकानातून गाभारा सरळ दिसत होता.

“म्या आजारी न्हवते, काका,” ती म्हणाली. “देवासंगट होते. त्योच म्होरं बसलाय. त्याच्या देखत त्याच्यासंगट न्हवते म्हनून अंगठा देऊ?”

पंतांनी तिला समजावलं. सरकारला खरं कळत नाही, नियमात बसेल तेच कळतं, हा नुसता कागद आहे, देव कागद वाचत नाही. अशी बरीच समजूत त्यांनी घातली. परवान्याच्या आशेने बाई ते सगळं ऐकत राहिली, पण तिचा अंगठा काही पुढे येईना. शेवटी ती म्हणाली की त्या पेशकारालाच एकदा इकडं घेऊन या. परमुलखातला हाय, बघंल तर त्याला उमजंल. मग खऱ्यावरच परवाना देईल तो.

“द्वारकाबाई,” पंत म्हणाले, “तो पेशकार मीच.”

ती रागावली असती तर सोपं झालं असतं. तिने पंतांच्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

“म्हंजी तुमी हितलेच,” ती म्हणाली. “देवबी ह्योच.”

पंतांनी मान हलवली.

“आन् त्यो कवा कुटं आसतो, ते तुमाला ठावं न्हवतं.”

तिने हे विचारलं नव्हतं. महारुद्राने गल्ल्यावरून हाक मारली तशी ती परत कढईपाशी गेली आणि जळायला आलेली भजी काढू लागली.

पंतांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. सांगायला पुष्कळ होतं: कामाचा बोजा, अपिलांची रास, भूमचा मेव्हणा, ढोकीचं रानडुक्कर, बदलणारे साहेब, न मिळालेली रजा. एकेक कारण त्यांनी मनात पुढे घेतलं आणि त्यांच्या तयार नाकाला ताबडतोब कळलं की यातल्या एकातही दम नाही. त्यांनी हिवतापाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि नळदुर्गची गाडी गाठायला ते फाट्याकडे चालू लागले.